गोड पाणी

पितळी बूच तळहातावर थंडगार पडलं होतं. अंगठ्याएवढं, एका टोकाला निमुळतं, अंगावर लेथचे बारीक वळसे – नख फिरवलं की कुरकुरणारे – आणि दस्तगीर त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिला होता की हे हातात कशासाठी घेतलं तेच क्षणभर त्याला आठवेना. थंड. या हीटरच्या माथ्यावरची कुठलीही वस्तू थंड लागावी हेच विचित्र होतं. हीटर चालू असताना इथं उभं राहिलं की वहाणेच्या तळातून चटका वर यायचा, कठड्याला हात लावायचा तर आधी फडकं गुंडाळावं लागायचं... आता तीन नंबरचा हीटर बारा दिवस बंद होता. वरचं झाकण उघडून बाजूला टांगलेलं, आणि आतल्या दोनशे नळ्यांची तोंडं पोळ्यातल्या घरांसारखी एकाला एक लागून, छताकडे आ वासून राहिलेली. त्यातली एक नळी फुटकी होती. ती शोधायची, वरून एक आणि खालून एक बूच ठोकून कायमची बंद करायची, एवढंच आजचं काम. बूच ठोकायचं आहे, म्हणून हातात घेतलं – बरोबर.

...माझ्या ऐकण्यात नाही.

पुन्हा ते वाक्य आलं. सकाळपासून ते असंच येत होतं, मध्येच, कुठूनही, आणि दर वेळी शेवटच्या तीन शब्दांवर येऊन थांबत होतं. ऐकण्यात. आकाराम जन्मात कधी असं बोलला नव्हता. आकाराम म्हणाला असता, मी न्हाई ऐकलं. किंवा म्हणाला असता, मला काय म्हाईत न्हाई गड्या, मला इचारू नगा. पण कागदावर होतं ते असं : ‘तीन नंबर हीटरची नळी गळत असल्याचे दस्तगीर यांनी साहेबांना सांगितल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.’ आणि खाली सही होती. ती मात्र आकारामचीच. ‘म’ची दांडी खाली ओढत ओढत कागदाच्या काठापर्यंत नेलेली. कोयनेच्या प्रौढ साक्षरता वर्गात दोघं एकाच बाकावर बसून सह्या शिकले होते, तेव्हाही मास्तर त्याला म्हणायचे, अरे बाबा, अक्षराला शेपूट नको...

अपघाताच्या चौकशीसाठी बाहेरून आलेले साहेब सभ्य होते. दस्तगीरला त्यांनी खुर्ची दिली. चष्मा पुसत पुसत सगळे जबाब वाचून दाखवले – इंजिनिअर रेणावीकरसाहेबांचा, प्रयोगशाळेतल्या माणसाचा, मग आकारामचा – आणि म्हणाले, “यावर तुम्हाला काही विचारायचं आहे?” दस्तगीर त्या सहीकडे बघत होता. विचारायचं होतं. विचारायचं होतं की हा जबाब कुठल्या दिवशी दिला. पण तारीख तर कागदावरच होती, काल दुपारची. म्हणजे काल दुपारी आकारामनं इथं सही केली, आणि काल संध्याकाळी तो दस्तगीरच्या ओट्यावर बसून चहा प्याला. दोन कप. पहिला संपल्यावर कप पुढं करून म्हणाला, “भाबी, आज आलं झकास पडलंय, आणि अर्धा घाला.” मग तासगावच्या मेव्हण्यानं द्राक्षाचा मांडव घातला त्याबद्दल बोलत राहिला, तारा किती लागल्या, दगडी खांब कुठनं आणले, आणि दस्तगीर त्याला मध्ये मध्ये ‘व्हय का’, ‘लय झालं’ म्हणत राहिला.

“न्हाई साहेब,” दस्तगीर म्हणाला. “काय इचारायचं न्हाई.”

आता तो हीटरच्या माथ्यावर होता, आणि आकाराम खाली, हीटरच्या बुडाशी, उघडलेल्या खालच्या झाकणाजवळ उकिडवा बसलेला. दोघांच्या मध्ये दोन पुरुष उंचीच्या नळ्या. हे काम एकट्यानं होतच नाही. कारखान्यात दुसरे फिटर होते, पण हीटरची जोडी म्हणजे दस्तगीर-आकाराम, हे इतकं ठरून गेलं होतं की सकाळी हजेरीवाल्यानं नावं वाचताना दोघांची एका दमात वाचली आणि दोघांनीही ‘हाय’ म्हटलं. आकाराम त्याच्याकडे बघत नव्हता. पान्हा बघत होता, पंपाचा पाइप बघत होता, स्वतःच्या अंगठ्याचं नख बघत होता. म्हणजे याला ठाऊक आहे – मला वाचून दाखवलंय हे याला ठाऊक आहे.

“पानी सोडू?” खालून आवाज आला. नळ्यांमधून आला. दोनशे तोंडांतून एकदम आल्यासारखा, नेमका कुठल्या नळीतून ते कळू नये असा.

“सोड.”

पंप घुमू लागला. नळ्या वरून आणि खालून भोकं पाडलेल्या दोन जाड प्लेटींत घट्ट बसवलेल्या, आणि त्या सगळ्या जुडग्याभोवती लोखंडी पिंप. चालू कामात नळ्यांच्या आतून उसाचा रस धावतो, वर जातो, वळतो, खाली येतो, पुन्हा वर जातो, आणि पिंपात, नळ्यांच्या भोवती, वाफ कोंडलेली असते. रस वाफेला शिवत नाही, वाफ रसाला शिवत नाही. मध्ये फक्त पितळेची जेमतेम नखाएवढी जाड भिंत, तिच्यातून ऊब तेवढी इकडून तिकडे जाते. रस उकळीला येतो आणि वाफ आपली ऊब देऊन पाणी होऊन तळाशी ठिबकते. आज वाफेच्या जागी पिंपात थंड पाणी दाबून भरायचं आणि एकानं वरून, एकानं खालून बघायचं, ज्या नळीच्या तोंडाशी पाणी दिसेल ती फुटकी. इतकं सोपं. त्याला हे कोयनेला एका गोऱ्यापान मद्रासी फोरमननं शिकवलं होतं, वीजघरातल्या तेलाच्या कूलरवर. तिथं उलटं असायचं – नळ्यांतून धरणाचं गार पाणी, भोवती ट्रान्सफॉर्मरचं तापलेलं तेल, आणि पाणी त्या तेलाची काहिली घेऊन निघून जायचं. नंतर दस्तगीरला हे यंत्र जिथं तिथं दिसू लागलं. इथल्याच डिस्टिलरीत, दारूची वाफ थंड होऊन थेंब थेंब गळते तिथं. माधवनगरच्या गिरणीत मावसभाऊ कामाला होता, त्यानं रंगखात्यातलं गरम पाण्याचं पिंप दाखवलं, तर आत तेच, नळ्यांचं जुडगं. मावसभाऊ हसला होता, तू काय बाबा, लग्नाच्या मांडवातबी नळ्याच मोजशील...

पाणी चढत होतं. नळ्यांची तोंडं कोरडी. अजून कोरडी.

त्या दिवशी सकाळी – किती वाजले होते? नऊचा भोंगा होऊन गेला होता – तीन नंबरच्या तळाशी, वाफेचं पाणी निघून जातं त्या नळावर त्यानं सवयीनं बोट धरलं आणि सवयीनंच जिभेला लावलं. रोज लावायचा. वाफेचं पाणी म्हणजे नुसतं पाणी, त्याला पावसाच्या पाण्यासारखी काहीच चव नसते. त्या दिवशी होती. पुसटशी. वाटलं, आपल्याच बोटाला रस लागला असेल. बोट धुतलं, पुन्हा लावलं. होती. म्हणून आकारामला हाक मारली. आकारामनं अख्खी ओंजळच धरली – त्याचं सगळं काम असंच, ऐसपैस – ओठ चाटले आणि डोळे मोठे करून म्हणाला, “गोड हाय रं!”

गोड हाय रं. हे तो म्हणाला. त्याच्या जिभेनं चाखलं. कानाचं सोड, ऐकण्यात नसेल, कारखान्यात कानाला काय ऐकू येतं म्हणा, पण जीभ? जिभेचं काय?

रसाला मागून पंपाचा जोर असतो, वाफेला तेवढा नसतो, म्हणून नळीला भोक पडलं की वाफ आत शिरत नाही, रसच बाहेर पिंपात झिरपतो आणि वाफेच्या पाण्यात मिसळतो. आणि ते पाणी जातं बॉयलरला. स्वच्छ म्हणून जातं. बॉयलरात साखर गेली की पाणी दुधासारखं फेसाळतं, तिथल्या नळ्यांना आतून करपट थर धरतो, त्या थराआड पोलाद तापत जातं, लाल होतं, फुगतं... हे सगळं दस्तगीर त्या दिवशी रेणावीकरसाहेबांना बोलला होता. इतकं एकसंध नाही, पण बोलला होता. साहेब लोखंडी जाळीच्या वाटेवरून चालले होते, तो मागून धावला, आकाराम त्याच्या मागे. “साहेब, तीन नंबर बंद करा, पानी गोड येतंय.” साहेब थांबले. चौथा हीटर त्या दिवशी साफसफाईला उघडलेला होता. तिसराही बंद केला तर गाळप निम्म्यावर येणार, आणि ऊस टाकायच्या गव्हाणीपासून पार नाक्यापर्यंत उसाच्या गाड्या लागलेल्या. साहेब म्हणाले, “प्रयोगशाळेनं तर काही कळवलं नाही.” दस्तगीर म्हणाला, प्रयोगशाळा मोठ्या टाकीतलं पाणी घेते, तिथं सगळ्या हीटरचं पाणी एक होतं, इतक्यात दिसायचं नाही. तेव्हा साहेब हसले. वाईट हसले नाहीत, थकलेल्या माणसासारखे हसले. “दस्तगीर, तुझ्या जिभेवर कारखाना बंद करू का? परवा साफसफाईचा दिवस आहे, तेव्हा बघू. चालव.”

परवा उजाडायच्या आत, दुसऱ्या दिवशी दुपारी, बॉयलरची नळी फुटली. भट्टीवर काम करणारा गुंडा दारात होता. चिपाड आत लोटायला त्यानं दार उघडलं आणि आतून वाफ आणि निखारे मिळून बाहेर आले. दस्तगीरनं त्याला उचलताना बघितलं होतं. चेहरा... नको.

“आलं का?” नळ्यांतून आवाज.

“न्हाई अजून.”

एवढंच बोलणं. कामाचं. सकाळपासून कामाखेरीज शब्द नाही, आणि कामाचे शब्द मात्र नेहमीसारखेच, त्याच आवाजात, त्याच ठिकाणी – जणू काल, आज काही झालंच नाही. दस्तगीरला वाटलं, हे असंच चालू शकेल. हंगाम संपेपर्यंत. दोघं म्हातारे होईपर्यंत. पानी सोडू? सोड. आलं का? न्हाई.

मग मधल्या रांगेतल्या एका नळीच्या तोंडाशी काहीतरी चमकलं. वरच्या काठालगतच्या भोकातून पाणी आलं, फुगलं, आणि बाजूच्या नळीवरून ओघळलं. एवढीशी गळती. एवढ्याशा भोकातून – मोहरीएवढं असेल – माणसाचं तोंड आणि दोन्ही हात.

“बंद कर,” तो म्हणाला. “घावली.”

पंप थांबला. आता वरून सळई घालायची, खालच्यानं ती बघून नळी ओळखायची. दस्तगीरनं सळई सोडली. खाली तिचं टोक आकारामच्या हाताला लागलं असावं, कारण ती किंचित हलली. आणि तशीच धरून ठेवलेली राहिली. वर दस्तगीरच्या हातात, खाली आकारामच्या.

“दस्तू,” नळीतून आवाज आला. हळू. पण नळीतून हळू बोललेलंही कानाशी बोलल्यासारखं येतं. “रेणावीकरसाहेबानं शब्द दिलाय. तुला काढत न्हाईत. निस्ती तंबी देऊन सोडनार.”

दस्तगीरनं मोकळ्या हातानं नळीच्या तोंडावरचं पाणी पुसलं.

“मला म्हनला, तू त्याच्या बाजूनं बोललास तर दोघंबी जाताय. मी हंगामी मानूस, मला तर काय नोटीसबी लागत न्हाई. आनि कागद तर त्यानीच लिव्हला हुता. मी निस्ती सही केली.”

“गोड लागलं हुतं का न्हाई तुला?” दस्तगीरनं विचारलं. आपला आवाज इतका साधा कसा याचं त्याला नवल वाटलं.

बाजूला दोन नंबरच्या हीटरमधून रसाचा घरघराट येत होता.

“लागलं हुतं.”

“मग?”

“मग काय? गुंडाला काय त्यानं हात परत येनार हायत व्हय?” आणि मग, “हे बघ, मी तुला कवा काय बोलून दावलं न्हाई. सा वर्सं झाली. त्या दिशी मी जिकडनं आवाज आला तिकडं गेलो. भाबीकडं गेलो. आयकडं न्हाई गेलो. कवा तोंडातनं काढलं का मी? सांग, काढलं का कवा?”

दस्तगीरच्या हातून सळई सुटली. खाली फरशीवर तिचा आवाज झाला, मोठा नाही.

कोयनानगरच्या वसाहतीत दोन खोल्या शेजारी शेजारी होत्या. दगड-मातीच्या भिंती, वर पत्रे. एकीत दस्तगीर आणि त्याची बायको मेहरुनबी, दुसरीत आकाराम आणि त्याची आई रंगूबाई. सदुसष्ट सालच्या डिसेंबरात जमीन हलली तेव्हा दस्तगीर पाळीला वीजघरात होता, डोंगराच्या पोटात, आणि वर येऊन पोहोचला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. वसाहत नव्हती. धूळ होती, आणि धुळीतून चालणारी माणसं. त्याच्या खोलीच्या जागी दगडांचा ढीग, ढिगाजवळ मेहरुनबी गोधडीत बसलेली, उजवा हात मनगटात भलतीकडे वळलेला, जिवंत. आणि आकाराम पलीकडच्या ढिगावर दगड उचलत होता. सावकाश. घाई नसल्यासारखा. दस्तगीर धावत गेला, त्यानं दगडाला हात घातला, तेव्हा त्याला आकारामची बोटं दिसली – नखं नव्हती. आकाराम म्हणाला होता, “भाबी वरडत हुती. आय काय वरडली न्हाई.”

एवढंच. पुन्हा कधीच नाही. रंगूबाईला घाटाखालच्या ओढ्याकाठी अग्नी दिला तेव्हा नाही, वसाहत सोडून दोघं इकडं कृष्णाकाठी साखर कारखान्यात आले तेव्हा नाही, दारू पिऊन एकदा गळ्यात पडून रडला तेव्हासुद्धा नाही. आणि दस्तगीरला कळत होतं की तो बोलत नाही हेच काय ते मोठं आहे. दुसऱ्या कुणी असा उपकार केला असता तर तो उतरवायची वाट बघता आली असती. याचा उतरवायचाच नव्हता. तो घरातल्या, अंथरुणं रचायच्या घडवंचीसारखा होता, रोज दिसायचा, रोज त्याला वळसा घालून जायचं, आणि ती नसती तर घर घरासारखं वाटलं नसतं.

आणि आज त्यानं ते काढलं. नळीच्या तोंडाला तोंड लावून काढलं. सहीच्या बदल्यात काढलं... सही मी सोसली असती. खरंच सोसली असती, दस्तगीरला वाटलं, दोन दिवस बोललो नसतो, चार दिवस, मग मेहरुननं सारण भरून काही केलं असतं आणि त्याला बोलवा म्हणाली असती. पण तो म्हणतो, बघ, तुझ्या बायकोला मी काढलं, आता तू गप बस. म्हणजे मेहरुन त्या दगडांखालून निघाली ती सहा वर्षं अशीच ठेवलेली होती का, एखाद्या दिवशी उपयोगी पडावी म्हणून? नाही. असं नसेल. आकाराम तसा नाही. पण आता ते बोलला म्हणजे मागचं सगळंच तसं होऊन बसलं. सहा वर्षांतला प्रत्येक चहा.

“सळी टाक वर,” तो म्हणाला.

सळई वर आली. दोघांनी खूण मिळवली. वरून एक बूच, खालून एक. हातोडीचे घाव आळीपाळीनं – याचा, मग त्याचा – नेहमीच्या चालीत, आणि ती चाल चुकावी असं दस्तगीरला फार वाटत होतं, पण हात चुकेनात.

संध्याकाळी कारखान्याच्या वसाहतीतल्या रस्त्यानं परत येताना त्याच्या मनात दुसरंच आलं. ते येणार हे त्याला ठाऊक होतं. बारा दिवस ते दाराबाहेर उभं होतं, आणि आज आकारामवरचा राग होता तोवर त्याला आत येता येत नव्हतं. त्या दिवशी साहेब ‘चालव’ म्हणून निघून गेल्यावर आकाराम चुना मळत दुसरीकडे गेला, आणि दस्तगीर एकटाच तीन नंबरपाशी उभा राहिला होता. रस आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या चाकावर त्याचा हात होता. चाक गरम होतं, त्यानं फडकं गुंडाळलं होतं. दहा-बारा फेरे फिरवले की हीटर बंद. साहेब ओरडले असते. कामावरून काढलंही असतं. पण बंद झाला असता. तो तसाच उभा राहिला – किती वेळ, हे त्याला आठवत नव्हतं – आणि मग त्यानं फडकं सोडवून खांद्यावर टाकलं. सांगितलंय ना मी. माझं काम सांगायचं. आता त्यांचं ते बघतील.

हे कुणाच्याच जबाबात नव्हतं. त्याच्याही नाही.

घराशी आला तर ओट्यावर साळूबाई बसलेली. गुंडाची बायको. बारा दिवस ती मिरजेला दवाखान्यात होती. आज लुगडी न्यायला आली होती, सकाळी परत जाणार. मेहरुनबीनं तिला चहा दिला होता, तो बशीत ओतलेला तसाच होता, वर साय धरलेला. दस्तगीरला बघून ती उठायला लागली.

“बसा वैनी. गुंडा कसा हाय?”

“हाय. उजवा डोळा तेवढा ऱ्हातोय म्हनत्यात.” ती पुन्हा बसली. मोठी, हाडापेरानं मजबूत बाई, पण या बारा दिवसांत खांदे उतरलेले. “आवं, एक इचारू का? खरं सांगा. तितं दवाखान्यात समदी म्हनत्यात, हीटरवाल्यानं सांगितलंच न्हाई म्हनून झालं. आमचं मालक म्हनत्यात, दस्तगीर तसा न्हाई. त्यो सांगनार. तुमी सांगितलं हुतं का?”

हा प्रश्न. सकाळी खुर्चीवर बसल्यापासून तो याचीच वाट बघत होता – कुणीतरी साधं विचारावं, सांगितलं होतंस का – आणि चौकशीच्या साहेबांनी सगळं विचारलं, जन्मसाल, नोकरीची वर्षं, पण हे असं विचारलं नव्हतं.

“व्हय,” तो म्हणाला. “साहेबाला सांगितलं हुतं. बंद करा म्हनलो हुतो.”

साळूबाईनं डोळे मिटले. मिटलेच ठेवले. जणू एवढंच ऐकायला ती मिरजेहून आली होती. मग उघडले. आता त्यांत काहीतरी जागं झालं होतं.

“मग मी सकाळी त्या चवकशीच्या सायबाम्होरं जाऊन हुबी ऱ्हाते. त्यो इचारंल, कशावरनं? तुमच्यासंगं कोन हुतं तवा? कुनी तरी आसंलच की ऐकनारं.”

चुलीजवळ मेहरुनबी पीठ मळत होती. डाव्या हातानं, उजव्यानं परात नुसती धरून, ते मनगट कधीच नीट बसलं नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं. त्याच दिवशी रात्रीचं जेवताना त्यानं तिला सांगितलं होतं, पाणी गोड आलं, मी आणि आकाराम साहेबाकडं गेलो, आकाराम ओंजळभर प्याला... ती हसली होतीही, आकारामभाऊंना काय, गोड दिसलं की झालं. तिचा हात परातीत थांबला. तिनं वळून बघितलं नाही.

नाव अगदी ओठांशी होतं. चार अक्षरं. ते घेतलं की उद्या साळूबाई ते साहेबांपुढं ठेवणार, साहेब आकारामला बोलावणार, आणि आकाराम... आकारामला खोटं दुसऱ्यांदा बोलायला जमणार नाही. पहिल्यांदा तर कागद दुसऱ्यानं लिहिला होता. तो बोलेल. लागलं हुतं गोड. मग रेणावीकरसाहेब आणि आकाराम, जे व्हायचं ते. आणि गुंडाला काहीतरी. न्याय म्हणा. आणि दस्तगीरला? त्याला त्याचा शब्द परत मिळेल. एवढंच हवं होतं ना सकाळपासून?

“कोन न्हवतं,” तो म्हणाला.

“कुनीच न्हाई?”

“मी एकलाच हुतो.”

साळूबाई काही वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं बशीतला गार चहा एका घोटात पिऊन टाकला, बशी पालथी घातली आणि उठली. “बरं,” ती म्हणाली. नुसतं ‘बरं’. त्यात विश्वास होता की तो मोडला होता हे त्याला कळलं नाही. लुगड्यांचं बोचकं काखेत मारून ती उतरली आणि चाळीच्या कडेकडेनं, पाय ओढत चालू लागली.

मेहरुनबीचा हात पुन्हा फिरू लागला. पीठ मळून झालं होतं, तरी ती मळत होती. तिनं विचारलं असतं तर त्याला काय सांगता आलं असतं? हे मी तुझ्यासाठी केलं? तिच्यासाठी केलंच नव्हतं. ती त्या दगडांखालून निघाली त्याची फेड म्हणून केलं, आणि हे तिच्यासमोर, तिला ऐकू जाईल असं केलं, म्हणजे आकारामनं नळीतून जे केलं त्याच्याहून वेगळं काय केलं? तिला तागडीत त्यानं ठेवलं, आणि दुसऱ्या पारड्यात मी गुंडाला...

त्यानं तो दिवस आठवून पाहिला. तळाचा नळ आठवला, साहेबांच्या पाठीवरचा घामाचा डाग आठवला, जाळीवरून धावताना झालेला वहाणांचा आवाज आठवला. आणि कधी नव्हे तो आवाज एकाच्याच वहाणांचा होता. मागून कुणी येत नव्हतं. त्यानं मान वळवून बघितलं, आठवणीतच, तर जाळी पार टोकापर्यंत मोकळी. आता कुणाचं काही देणं नव्हतं. हे हलकं वाटायला हवं होतं. सहा वर्षं ज्या जागेला वळसा घालून चाललो तिथून आज सरळ जाता येत होतं, आणि पाय मात्र त्या रिकाम्या जागेत पडायला धजत नव्हते. कागदावर सही करताना आकारामला काय वाटलं असेल ते आता त्याला कळत होतं – काहीच वाटत नाही, शब्द फार सहज निघतो – आणि हे कळल्यावर राग जायला हवा होता. तो गेला नव्हता. फक्त कुणावर धरायचा ते आता त्याला ठरवता येत नव्हतं.

साळूबाई पाण्याच्या नळकोंडाळ्यापर्यंत पोहोचली होती. तिथं ती बोचकं दुसऱ्या काखेत घ्यायला थांबली. अजून हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.